गाळलेल्या ओळी

माझ्या मामांचं अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावात किराणा दुकान आहे, शाळेच्या भिंतीला लागून. काचबिंदूनं त्यांची नजर आधी कडांनी खाल्ली, मग मधून. दुखत काहीच नव्हतं, त्यामुळं दवाखान्यात जायचं राहत गेलं, आणि काचबिंदूत गेलेलं परत येत नाही. २००९ च्या दिवाळीपर्यंत उजेड-अंधारही कळेनासा झाला. दुकान मात्र चालूच राहिलं. गूळ कुठला आणि चहापत्ती कुठली हे नाकाला ठाऊक. माप भरत आलं की साखरेचा आवाज बदलतो, तो कानाला ठाऊक. आणि नोटा बोटांना.

नोटांचं गणित त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. जुनी पाचशेची नोट १६७ मिलिमीटर लांब, जुनी शंभराची १५७. हे आकडे मी नंतर शोधले. मामांचं माप ‘अर्धं पेर’ असं होतं. नोट पंजावर आडवी टाकायची, एक टोक मधल्या बोटाच्या टोकाशी जुळवायचं आणि दुसरं टोक तळहाताच्या खाली कुठं येतं ते बघायचं. म्हणजे चाचपायचं. सात वर्षांत त्यांना नोटेवरून कुणी फसवल्याचं मला आठवत नाही.

मग नोव्हेंबर २०१६ आला. नोटबंदीवर ज्याला त्याला काहीतरी बोलायचं असतं, पण मामांची तक्रार मी दुसऱ्या कुणाकडून ऐकली नाही. नव्या मालिकेत शंभराची नोट १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. रुंदी तिन्हींची ६६. चार-चार मिलिमीटरचा फरक, तोही नोट कोरी असेल तर. अंधांसाठी उठावाच्या खुणा दिल्यात, नाही असं नाही. शंभराला त्रिकोण, पाचशेला वर्तुळ, कडेला तिरप्या रेघा. पण चार आठवडी बाजार फिरून, घामानं मऊ होऊन आलेल्या नोटेवर त्या रेघा शोधून दाखवा. "डोळे देवानं नेले, त्याचं काय मनायचं नाई," मामा म्हणाले होते, "बोटं मातर सरकारनं नेली."

१ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेनं ‘मनी’ नावाचं अ‍ॅप आणलं. फोनचा कॅमेरा नोटेसमोर धरायचा, अ‍ॅप किंमत बोलून दाखवतं. इंटरनेट लागत नाही, नोट अर्धी दुमडलेली असली तरी चालतं, आणि आवाज नको असेल तर फोन थरथरून सांगतो. नोट खरी की खोटी ते सांगत नाही, तेवढं त्याच्या आवाक्यात नाही. मला केवढा आनंद झाला होता! रविवारची लातूर-अंबाजोगाई गाडी पकडून, व्हाया रेणापूर, हातात नवा फोन घेऊन मी गावी गेलो. मामांचे प्रश्न सोडवायला निघालेल्या माणसाचा एक चेहरा असतो, तो माझा होता.

अ‍ॅप चाललं. दुकानात चाललं नाही. पहिल्याच दिवशी शेजारच्या गल्लीतली एक बाई तेलाची पिशवी न्यायला आली. मामांनी तिची नोट घेऊन फोन वर धरला, तशी ती म्हणाली, "काय भाऊ, आता माझ्या नोटीचा फोटू काढायलाव व्हय? पाचशेचीच हाय, मी काय खोटं बोलू?" मामांनी फोन खाली ठेवला. पुन्हा गिऱ्हाइकासमोर कधी काढला नाही. बोटांनी चाचपणं हा हिशोबाचा भाग होता, कॅमेरा रोखणं हा संशय झाला. रात्री दार लावल्यावर गल्ला मोजताना मात्र ते तो वापरायचे. पुढं गल्लीतल्या पोरांनी फोनवरून पैसे द्यायला सुरुवात केली, दुकानात पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा आला, आणि नोटेचा प्रश्न आपोआप निम्म्यावर आला. तो डबा काही अंधांसाठी केलेला नव्हता.

फोन शिकायला मामांना दोन महिने लागले. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते, ती चालू केली की बोट ज्यावर फिरेल ते फोन बोलून दाखवतो, आणि उघडायचं तर दोनदा टिचकी मारायची. दांडी आणि वजनं उचलून घट्टे पडलेल्या बोटांना ती हलकी टिचकी जमेना. फोनचा मराठी आवाज बाईचा, स्वच्छ, एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखा. मामांनी तिचं नाव ठेवलं ‘पुण्याची बाई’. "काय मनायली बग आमची पुण्याची," असं म्हणून ते फोन कानाला लावायचे. मामी सुरुवातीला थोडी चिडायची सुद्धा.

मग मी एक वस्तू ओळखणारं अ‍ॅप टाकून दिलं. गोठ्यासमोर धरलं तर त्यानं आमच्या म्हशीला गाय म्हटलं. मामा खो खो हसले. "हिला मनावं, दूध काढून बग."

हे असं का होतं ते शोधत गेलो तेव्हा मला गंमत वाटली आणि नंतर तेवढी वाटली नाही. संगणकाला चित्र म्हणजे ठिपक्यांच्या उजेडाचे आकडे. त्या आकड्यांत कडा, मग कोपरे, मग कान-शिंग-पाय असं चढत चढत ओळखायला त्याला शिकवावं लागतं, आणि शिकवायचं म्हणजे नाव लिहिलेली लाखो छायाचित्रं पुढ्यात टाकायची. अशा छायाचित्रांचा एक गाजलेला संच २०१४ साली आला, ‘कोको’ नावाचा. वस्तू ओळखणारी कितीतरी यंत्रं त्याच्यावर पोसली गेली. त्यात ८० प्रकारच्या वस्तू आहेत. यादी मी वरपासून खालपर्यंत वाचली. झेब्रा आहे, जिराफ आहे, अस्वल आहे. म्हैस नाही. शेळीही नाही. पिझ्झा आहे, डोनट आहे, हॉट डॉग आहे; भाकरी नाही. बर्फावर घसरायच्या पट्ट्या आहेत, समुद्राच्या लाटेवर उभं राहायची फळी आहे. परात, घागर, सूप यांतलं काही नाही. ज्यांनी यादी केली त्यांनी आपल्या घरातून आणि अंगणातून केली, आपणही तसंच केलं असतं. पण ज्या यंत्राला म्हैस हा शब्दच शिकवलेला नाही, ते म्हशीपुढं गप्प बसत नाही. जवळचं काहीतरी ठोकून देतं.

दुसरी अडचण फोटोची. डोळस माणसानं काढलेल्या फोटोत वस्तू मधोमध असते. मामांच्या फोटोत अर्धा डबा, अर्धा अंगठा आणि मागं छताचा पत्रा. परदेशात ‘व्हिज-विझ’ नावाच्या प्रकल्पात अंध माणसांनी स्वतः काढलेले फोटो आणि त्यांनी स्वतः विचारलेले प्रश्न गोळा केले. २०१८ साली असे ३१ हजारांवर प्रश्न संशोधकांसाठी खुले केले गेले. पुष्कळ फोटो हललेले, अंधारातले, वस्तू चौकटीबाहेर गेलेली, आणि प्रश्न अगदी साधे, हा डबा कशाचा, ह्या कपड्याचा रंग कुठला. मला हा संच त्या ८० वस्तूंच्या यादीपेक्षा खरा वाटतो. त्यात निदान कुणाला काय हवंय इथून सुरुवात आहे.

मामांनी आपल्या फोटोवर इलाज स्वतःच शोधला. बिस्किटांचा पुठ्ठ्याचा खोका उभा केला, वरच्या बाजूला बोटभर भोक पाडलं, समोरची बाजू कापून टाकली. कागद खाली सरकवायचा, फोन वर ठेवायचा, कॅमेरा भोकावर. अंतर ठरलेलं, हात हलायचा प्रश्न नाही. मी जे काही महागाचं मागवायच्या विचारात होतो ते तसंच राहिलं.

आता मुद्द्याचं, जे लिहायला मी इतका वेळ लावला.

मामांची नजर गेल्यापासून त्यांचे कागद मी वाचत आलो. मामेभाऊ वाचायचा, पण मामांना माझं वाचणं आवडायचं, मी शिक्षक, सावकाश वाचतो. लग्नपत्रिका, विजेचं बिल, सातबारा, सोसायटीचं पत्र. आणि वाचणारा गाळतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा मी डॉक्टरांचा कागद गाळला, २००८ साली. त्यावर होतं की नजर परत येण्याची शक्यता नाही, मी वाचलं, "औषध चालू ठेवा म्हणालेत, बघू." लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये मामांचं नाव नसलं की मी ती नावंच पटापट उरकायचो. बातमी वाईट असली की पान उलटायचो. यात मला कधी खोटं वाटलं नाही. उलट आपण जपतोय असंच वाटत होतं.

मामेभावानं २०१९ मध्ये पिकअप गाडी घेतली, कर्ज काढून. जामीनदार म्हणून मामांनी अंगठा दिला. (सही येत असताना अंगठा का, तर ‘दिसत नाही ना’. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) लॉकडाऊनमध्ये गाडी उभी राहिली आणि हप्ते थकले. २०२२ च्या उन्हाळ्यात बँकेची नोटीस आली. मामेभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, मी दोन महिन्यांत मिटवतो, तात्यांना नको कळू देऊ, त्यांना बीपी हाय." मी मामांना सांगितलं, बँकेची जाहिरात आहे, नवी ठेव योजना. दुसरी नोटीस आली तेव्हाही ठेव योजनाच.

तिसरी आली तेव्हा मी पडवीत चहा पीत होतो. पोस्टमननं पाकीट थेट मामांच्या हातात दिलं. त्यांनी ते फाडलं, कागदाची घडी तळहातानं सपाट केली आणि खोक्याखाली सरकवला. मी उठेपर्यंत पुण्याची बाई सुरू झाली होती. ती सगळं वाचते. बँकेचं नाव, शाखा, जावक क्रमांक, ‘विषय’, ‘संदर्भ’, संदर्भात आधीच्या दोन नोटिशींच्या तारखा. कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव. आणि मग तिच्या त्या धुतलेल्या आवाजात, "थकीत रक्कम सात दिवसांच्या आत मरणा करावी."

मामा एकदम हसले. "भरणा मनायचंय तिला."

ती चूक कशी होते हे मला आता पाठ आहे. पोरांना आपण वर्गात शिकवतो, भ आणि ध यांच्या डोक्यावर रेघ पुरी ओढायची नाही, नाहीतर भ चा म होतो आणि ध चा घ. यंत्रालाही तेवढाच आधार. देवनागरी वाचताना पूर्वीच्या पद्धतीत यंत्र आधी शिरोरेघ शोधून ती पुसून टाकायचं, म्हणजे खाली लोंबणारी अक्षरं सुटी होत; आताची यंत्रं सबंध ओळ एका दमात ओळखायला बघतात. पण कागद झेरॉक्सची झेरॉक्स असला आणि भ च्या माथ्यावरची ती बारीकशी फट शाईनं बुजली, तर दोघांनाही म च दिसणार. आपल्याला अर्थ ठाऊक असतो म्हणून आपण भ वाचतो. आमच्या भागात कर्जाच्या नोटिशीत हा शब्द असा वाचला जाणं... मामा हसले म्हणून मीही हसलो. मामी हसली नाही. ती आत निघून गेली.

हसणं थांबल्यावर मामांनी विचारलं, "वर संदर्भात दोन तारखा वाचल्या ना तिनं? त्या नोटिसा कुटं हायत?"

मी काही बोललो नाही.

"ठेव योजना," मामा म्हणाले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढं जे व्हायचं ते झालं. पिकअप विकली, मामींच्या पाटल्या मोडल्या, उरलेल्याचे हप्ते बांधून घेतले, ते दोन वर्षं फेडले. मला त्यात सांगण्यासारखं फार नाही. माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. बाईनं एक अक्षर चुकीचं वाचलं आणि मामांना सगळं कळलं. मी चौदा वर्षांत एकही अक्षर चुकीचं वाचलं नव्हतं.

त्यानंतर मामांनी मला कागद द्यायचं बंद केलं. यंत्राला न जमणारं, म्हणजे हाताचं गिचमिड किंवा औषधाच्या चकाकत्या पट्टीवरची तारीख, ते परक्यांकडून वाचून घ्यायला लागले. ‘बी माय आइज’ नावाचं अ‍ॅप आहे. डेन्मार्कच्या हान्स यॉर्गेन विबर्ग यांनी ते सुरू केलं, फर्निचर बनवणारा, स्वतःची नजर अधू असलेला माणूस. २०१५ पासून चालू आहे. अंध माणसानं बटण दाबलं की त्याची भाषा येणाऱ्या कुणा डोळस स्वयंसेवकाला व्हिडिओ कॉल लागतो, आणि तो समोरचं वाचून दाखवतो. मामांना एकदा कुणी बाई मिळाली, तिनं रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी उलटसुलट करायला लावून तारीख वाचली, महिना सरला होता तेही सांगितलं. मी म्हटलं, "मामा, अनोळखी माणसाला घरातलं कशाला दाखवायचं?" ते म्हणाले, "परक्याला गाळायचं काय कारण हाय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. सोयी-सुविधांबद्दल बोलताना आपण नेहमी स्वावलंबन हा शब्द वापरतो, जणू काही अंध माणसाला मदत नकोच असते. मामांना मदत हवीच होती. रात्री शेतातून येताना हात धरायला, बसची पाटी सांगायला, गप्पा मारायला. कुठल्या मदतीत त्यांच्या वतीनं कुणी ठरवून टाकतं, हे त्यांना आता कळायला लागलं होतं. मायक्रोसॉफ्टचं ‘सीइंग एआय’ २०१७ साली आलं, ते घडवण्यात पुढं असलेले साकिब शेख स्वतः लहानपणापासून अंध आहेत. डेन्मार्कचा माणूसही तसाच. मला हा योगायोग वाटत नाही. मी बनवलं असतं तर त्यात ‘वाईट बातमी वगळा’ असं एक बटण नक्की घातलं असतं.

२०२३ पासून नवीच तऱ्हा आलीय. फोटो दाखवला की यंत्र आख्खं वर्णन करतं, प्रश्न विचारले तर उत्तरं देतं. म्हशीला आता म्हैस म्हणतं, शिंगं कशी वळलीत तेही सांगतं. मामांना ते आवडलं, पण त्यांनी त्याला नोकरीवर ठेवायच्या आधी पारखलं. रिकाम्या फळीसमोर फोन धरला आणि विचारलं, काय काय माल हाय? त्यानं साबण आणि बिस्किटांचे पुडे मोजून सांगितले. फळीवर जुना कागद आणि एक काडेपेटी होती. "माल नसताना माल दाखवणारा मुनीम," मामा म्हणाले, "गोड बोलतोय, पर हिशोबाला नको." तेव्हापासून त्यांचा नियम आहे की आधी स्वतःला ठाऊक असलेलं विचारायचं, ते बरोबर आलं तरच पुढचं. इतकी सावध परीक्षा मी माझ्या वर्गात कधी घेतली नाही.

ज्या कॅमेऱ्यानं हे सगळं दिलं, त्यानंच एकदा त्यांना दारातून परत पाठवलं. खात्याची केवायसी नव्यानं करायची होती, मोबाइलवर. पडद्यावर लंबगोल येतो, चेहरा त्यात बसवायचा, आणि जिवंत माणूस आहे हे पटवायला डोळ्यांची उघडझाप करायची. लंबगोल कुठं आहे हे सांगायला आवाज नव्हता. मामांनी पापण्या मिटल्या-उघडल्या, फोननं म्हटलं पुन्हा प्रयत्न करा. सात वेळा. मशीनला ते जिवंत वाटेनात. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, म्हणाला, "काका, सोबत कुणाला तरी घेऊन या." त्याच सुमारास हाच प्रश्न सुप्रीम कोर्टात होता. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांनाही अशीच उघडझाप करायला सांगितली गेली होती, आणि ती त्यांना शक्य नव्हती. ३० एप्रिल २०२५ ला निकाल लागला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं कोर्टानं म्हटलं, आणि पापणी न हलवताही ओळख पटवता यावी यासह २० सूचना दिल्या. मी तो निकाल मामांना फोनवर सांगितला. ते म्हणाले, "छापून आण. खोक्याखाली घालतो." मराठीत एवढा मोठा मजकूर मला मिळाला नाही, मी चार पानांत सार लिहिलं, टाइप करून नेलं. त्यांनी ते बाईकडून दोनदा वाचून घेतलं, माझ्यासमोर, काही न बोलता.

मागच्या महिन्यात बँकेतून बेबाकीचा दाखला आला. कर्ज नील. मी गेलो होतो, पडवीत तसाच चहा घेऊन बसलो होतो. मामा पाकीट हातात घेऊन बाहेर आले, ते त्यांनी माझ्यापुढं धरलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"तू वाच. मग हिला वाचू दे."

खोका बाजूलाच होता. मी चहाचा कप खाली ठेवला आणि कागद सरळ केला. वरचं बँकेचं नाव वाचलं, शाखा, पत्ता, पिनकोड. जावक क्रमांक, तिरप्या रेघेसकट. दिनांक. विषय. कर्जदार, जामीनदार, खाते क्रमांकाचा एकेक आकडा. ‘सदर खात्यावर आजअखेर कोणतीही बाकी नाही.’ सही अस्पष्ट आहे म्हणून सांगितलं. शिक्का गोल, निळा, अर्धा उमटलेला. मामा मान न हलवता ऐकत होते. पान संपलं तिथं अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव होतं आणि किती प्रती छापल्या तो आकडा.

तेही वाचलं.